सरांच्या खोऱ्यातले चौसष्ट किडे

१४ मार्च

प्रिय किडोबास,
अनेक आशीर्वाद.

पेटी पोचली. तू तिच्यावर लाल शाईनं चार ठिकाणी "नाजूक, उलटी करू नये" लिहिलंयस, त्यामुळे पोस्टमन बिचारा ती छातीशी धरून तीन जिने चढला. विचारलं, "बाई, काय आहे आत?" मी म्हटलं, "मेलेले किडे." त्यानं सही घेतली आणि स्वतःचं पेन माझ्या हातात ठेवून पळाला.

सदतीस वर्षं मी मुलांच्या पुस्तकांत किडे काढते. टोपीवाली मुंगी, चष्मेवाला नाकतोडा, पापण्या फडफडवणारी मधमाशी. आणि सदतीस वर्षं तू, माझा सख्खा मावसभाऊ, प्रत्येक नवं पुस्तक हातात घेऊन एकच वाक्य बोलतोस : "ताई, मुंगीला पाय सहा असतात." अरे, चार पायांची मुंगी बघून आजवर एकही मूल आजारी पडलेलं नाही! पण तुला नोकरीच संग्रहालयात किडे सांभाळायची मिळाली, त्याला तू तरी काय करणार आणि मी तरी काय करणार.

यंदा मात्र तुझं ऐकायचं ठरवलंय. मला एकसष्ट पूर्ण झाली. दोन वर्षांत माझ्याकडे एक पुस्तक आलं, तेही रंगवायचंच. रेषा आधीच कुणीतरी संगणकावर काढून ठेवलेल्या. तेव्हा म्हटलं, डोळे आणि हात शाबूत आहेत तोवर एक तरी किडा खराखुरा काढावा. तू चौसष्ट काढायला दिलेस. आता रडायचं नाही.

पहिल्या भुंगेऱ्याला पाच दिवस लागले. त्याच्या पाठीवर हिरवा आहे की जांभळा, हे मी मान हलवली की बदलतं. शेवटी मान एका उशीला टेकवून ठेवली आणि जो दिसेल तो रंग लावला.

तुझी नियमावली भिंतीवर लावली आहे. पेटीतल्या डांबरगोळ्या काढायच्या नाहीत. काम नसेल तेव्हा झाकण बंद. पेटी खिडकीपाशी ठेवायची नाही. कारण मात्र एकाचंही दिलेलं नाहीस. लहानपणीही असाच होतास. "हात लावू नकोस" म्हणायचास आणि का ते विचारलं की गाल फुगवायचास.

तुझी,
ताई

२८ मार्च

ति. ताईस,
सा. न.

भुंगेऱ्याच्या चित्राचा तू पाठवलेला फोटो पाहिला. पाय सहा आहेत. मोजले. माझे डोळे भरून आले, थट्टा करत नाही.

तुला नीट सांगितलं नव्हतं, ते आता सांगतो. हे किडे माझे नाहीत, आमच्या सरांचे. सर त्या खोऱ्यात बावीस वर्षं पायी फिरले. शेवटची अकरा वर्षं मी त्यांच्या मागून जाळी आणि बाटल्या वाहिल्या. मग खोऱ्यावर धरण झालं. ओढे, झाडी, पायवाटा, सगळ्यावर आता साठ हात पाणी आहे. या चौसष्टांतले निदान दहा-बारा तरी दुसरीकडे कुठे कुणाला सापडलेले नाहीत. म्हणजे ते अख्खं खोरं आता माझ्या खोलीतल्या एका कपाटात, बारा पेट्यांत आहे. एकेक पेटी तुझ्याकडे येईल, ती परत आली की पुढची पाठवीन. जुने फोटो आहेत ते काळे-पांढरे आणि धुरकट.

सरांनी पुस्तक लिहायचं कायम पुढे ढकललं. "अजून एक वर्ष बघू," म्हणायचे. आता ते शहाऐंशी वर्षांचे आहेत आणि अंथरुणावर आहेत. मी दर रविवारी जातो. गेल्या गेल्या विचारतात, "पुस्तक कुठवर आलं?" त्यांच्या हयातीत, त्यांच्या नावानं ते निघावं, एवढी एकच गोष्ट मला निवृत्तीआधी करायची आहे. मजकूर मी लिहितोय. चित्रं तुझी.

नियमांची कारणं विचारू नकोस, संग्रहालयाचे नियम आहेत, पाळायचे. आणि भिंतीवर आणखी एक लाव : दिसेल तेवढंच काढायचं. नसलेलं काढायचं नाही.

तुझा,
किडोबा

९ नोव्हेंबर

प्रिय किडोबास,
अनेक आशीर्वाद.

ही चिठ्ठी बाराव्या पेटीच्या वेष्टनात घालते आहे, म्हणजे पेटी उघडताना पहिली हीच हाती लागेल. संपले रे बाबा! चौसष्टच्या चौसष्ट. शेवटचा पतंग काल दुपारी झाला. ब्रश धुतला, आणि तसाच ओला हातात धरून अर्धा तास नुसती बसून राहिले. चित्रं माझ्याकडेच ठेवते. तू म्हणशील तेव्हा एकदम पाठवीन, सुटी सुटी टपालात टाकायचा धीर होत नाही.

आता गुन्हे कबूल करते. तुझ्या त्या डांबरगोळ्यांनी माझ्या डोळ्यांतून सारखं पाणी गळायचं आणि रंगात पडायचं. म्हणून या शेवटच्या पेटीतल्या गोळ्या मी महिन्याभरापूर्वीच डबीत घालून बाजूला ठेवल्या. पेटी खिडकीपाशीच होती, कारण उजेड तिथेच आहे. दिव्याखाली पतंगाच्या पंखावरचा तो राखाडी मातकट दिसतो. झाकणही पुष्कळदा उघडंच राहिलं. आता गोळ्या परत घातल्या आहेत. ओरडू नकोस.

आणि बघ तर, मेलेल्यांच्या या वस्तीत मला एक जिवंत पाहुणा सापडला! तांदळाच्या दाण्याहून लहान अळी. अंगभर तपकिरी केस, शेपटाला झुबका. भिंगाखाली ती झुबका फुलवते आणि पुन्हा मिटते. इतकी गोड दिसते! आठ महिने न हलणारे किडे काढले, तेव्हा हिनं मान हलवली तर मी चक्क "थांब गं" म्हणाले. तिचंही चित्र काढलं, ते या चिठ्ठीला जोडलंय, तुला बक्षीस. आणि ब्रशच्या टोकानं उचलून तिला परत तिच्या कोपऱ्यात ठेवलं. म्हटलं, तुझाच काहीतरी प्रयोग असेल, आपण कशाला मोडा.

सरांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
ताई

२६ नोव्हेंबर

ति. ताईस,
सा. न.

पत्ता बदललेला पाहून दचकू नकोस. इथल्या संग्रहालयात कीटकविभाग नव्यानं मांडायचा आहे, म्हणून मला आठ महिन्यांसाठी इकडे पाठवलंय. अचानक निघालो. खोली भाड्याची, खिडकीसमोर पाण्याची टाकी, आणि शेजारी पहाटे पाचला दोरीवरच्या उड्या मारतो.

तुझी बारावी पेटी तिकडे पोचल्याचा शिपायाचा फोन आला. बाहेरून आलेली पेटी आमच्याकडे आधी पंधरा दिवस शीतपेटीत ठेवायची असते. पण शीतपेटीत सध्या पक्ष्यांची कातडी भरली आहेत. त्यानं विचारलं, काय करू? मी म्हटलं, "ताईच्या घरून आली आहे, बाहेरची कुठे? वेष्टन काढ आणि सरळ सरांच्या कपाटात ठेव, कुलूप लाव." आतली तुझी चिठ्ठी त्यानं माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहे. परतल्यावर सावकाश वाचेन. तुझी चिठ्ठी म्हणजे मेजवानी, घाईत संपवायची नाही.

शेवटची पेटी परत आली, म्हणजे चौसष्ट पूर्ण! सरांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "तिला म्हणावं, पतंग काढणं सोपं नसतं."

तुझा,
किडोबा

२ मार्च

प्रिय किडोबास,
अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी अजून खणातच का? काही लोक चांगलं पक्वान्न इतकं जपतात की त्याला बुरशी येते.

इकडे एक गंमत झाली. एका प्रकाशकाचा फोन आला, मुंगीची नवी मालिका, सहा पुस्तकं. सहा! दोन वर्षांपूर्वी मी त्याच्या गळ्यातच पडले असते. कागद घेतला, मुंगी काढली, आणि टोपी घालायला हात उठेना. मुंगीचं डोकं तसं नसतं रे. टोपी बसणार कुठे? नाही म्हणून सांगितलं. बाई ठार वेडी झाली असं त्याला वाटलं असणार. मला मात्र वर्षानुवर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. म्हटलं, आता माझं नाव त्या चौसष्टांखाली लागलं की पुरे, आणखी काही नको.

सर कसे आहेत?

तुझी,
ताई

१८ जुलै

ति. ताईस,
सा. न.

परत आलो. चिठ्ठी मिळाली. सगळी चित्रं रजिस्टर टपालानं लगेच पाठव. उशीर करू नकोस. कामात आहे, सविस्तर नंतर लिहितो.

तुझा भाऊ

३० ऑगस्ट

चि. भाऊसाहेबांस,

किडोबा म्हणत नाही, कारण तू स्वतःला "तुझा भाऊ" म्हणवून घ्यायला लागला आहेस. आपल्यात ही भाषा कधीपासून आली?

चित्रं पाठवून चाळीस दिवस झाले. पोचपावती आली, तिच्यावर सही तुझी. बाकी चकार शब्द नाही. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "साहेब बैठकीत आहेत." किडे सांभाळणाऱ्याच्या एवढ्या कसल्या बैठका असतात रे? झुरळं संपावर गेली का?

आवडली नसतील तर तसं सांग. मी काही काचेची बाहुली नाही. संपादकांनी माझी चित्रं तोंडावर फेकलेली आहेत, एकानं तर माझ्या कोळ्याला "हा बटाटा का?" विचारलं होतं. पण त्यांनी निदान विचारलं तरी. तू गप्प बसलास. रोज पोस्टमनच्या पायांचा आवाज ऐकला की मी दाराशी जाते, आणि तो बिचारा दुरूनच मान हलवतो. या वयात माझा असा पाणउतारा तू करावास?

टोपीच्या मुंग्यांवर मी तुझ्या भरवशावर पाणी सोडलं. एवढं लक्षात ठेव आणि दोन ओळी लिही. वाईट असतील तरी चालतील.

ताई

६ सप्टेंबर

ति. ताईस,
सा. न.

चित्रं वाईट नाहीत. तुला वाटलं ते तसं नाही. तुला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण तुझं पत्र वाचून ते जमणार नाही हे कळलं. खाली बसून वाच.

परतलो त्या दिवशी आधी खण उघडला आणि तुझी चिठ्ठी वाचली. अळीच्या चित्रापाशी आलो आणि तसाच कपाटाकडे धावलो. ती अळी जगातल्या प्रत्येक संग्रहालयाची वैरीण आहे. तिचे आईबाप म्हणजे टिकलीएवढे ठिपक्यांचे भुंगेरे. ते फुलांवर जगतात आणि उघड्या खिडकीतून आत येतात. अळी मात्र वाळलेले किडे खाते. लोकर, पिसंही सोडत नाही. डांबरगोळ्या असतात त्या भुंगेऱ्यांना दूर ठेवायला. एकदा अळी आत शिरली की गोळ्या तिचं काही वाकडं करत नाहीत. आणि एक दिसली म्हणजे न दिसलेल्या वीस असतात.

शिपायानं कपाट उघडलं. टाचण्या जागच्या जागी होत्या. प्रत्येक टाचणीखाली सरांच्या अक्षरातली चिठ्ठी होती, ओढ्याचं नाव, तारीख. टाचण्यांवर काही नव्हतं. तळाला तपकिरी भुकटी, सुटे पंख, आणि अळ्यांनी टाकलेल्या केसाळ काती. आठ महिने, त्यात अख्खा उन्हाळा, बंद कपाट, जुन्या पेट्यांची सैल झाकणं. बाराव्या पेटीतून त्या अकराव्यात गेल्या, तिथून दहाव्यात, अशा सगळीकडे. चौसष्टांपैकी एकोणसाठ गेले. उरलेल्या पाचांत धड एकही नाही.

ताई, खोटं लिहीत नाही. अळी तुझ्या खिडकीतून आली. पण नियमाचं कारण तुला मी सांगितलं नाही, आणि जिच्या गारठ्यात त्या अळ्या मेल्या असत्या ती शीतपेटी मी टाळली, केवळ पेटी तुझ्या घरून आली म्हणून. कुंपणानंच शेत खाल्लं. सरांना यातलं काही माहीत नाही.

आता एकच वाट उरली आहे. संग्रहालयाच्या प्रकाशन समितीनं कळवलंय की नमुने नष्ट झाले असले तरी चित्रं प्रमाण मानून पुस्तक काढता येईल. मात्र चित्रकाराचं प्रतिज्ञापत्र हवं. सोबत जोडलंय. मजकूर असा : "ही सर्व चित्रे मी समोरच्या नमुन्याबरहुकूम, स्वतःची कोणतीही भर न घालता काढली आहेत." खाली सही कर आणि पाठव. तू काढून ठेवलंयस म्हणून खोरं वाचलं, असं मी सगळ्यांना सांगतोय.

तुझा,
किडोबा

१५ सप्टेंबर

प्रिय किडोबास,

आशीर्वाद कुठल्या तोंडानं लिहू?

पत्र वाचलं. "इतकी गोड दिसते" असं लिहिलं होतं मी. ब्रशनं उचलून परत ठेवली. चिरडता येत होती, फेकता येत होती, मी तिला घरी पोचवलं. बावीस वर्षं तो म्हातारा माणूस उन्हातान्हात फिरला आणि मी माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबावं म्हणून त्याचं सगळं घालवलं. मला माफ कर असं म्हणत नाही. हे माफ करण्यासारखं नाही, तेवढं मला कळतं.

आणि आता जे सांगणार आहे ते त्याहून वाईट आहे.

मी सही करू शकत नाही. तुझ्या सरांचे किडे जुने होते रे. कुणाला मिशी नव्हती, कुणाचा पाय गळला होता, कुणाचा रंग उडाला होता. क्रमांक नऊच्या दोन्ही मिशा बुडापासून तुटलेल्या. मी काढल्या. लांब, बारीक, टोकाला किंचित वळलेल्या, फार छान आल्या आहेत. तेविसाव्याला मागचा उजवा पाय नव्हता. डावा पाय आरशात बघून उजवा केला. एकतिसावा तो चतुर, त्याचे डोळे मरून तपकिरी पडले होते. मी हिरवे रंगवले, कारण आमच्या खिडकीत एकदा चतुर आला होता त्याचे हिरवे होते. चव्वेचाळिसाव्या फुलपाखराचा पंख फाटका होता, नक्षी दुसऱ्या पंखावरून उचलली.

तू म्हणाला होतास, नसलेलं काढू नकोस. भिंतीवर लावलं होतं ते. रोज वाचायचे. पण सदतीस वर्षांची खोड. मुलांच्या पुस्तकात लंगडा किडा चालत नाही, संपादक चित्र परत करतो. हात आपोआप पुरं करून टाकतो आणि मला पत्ताही लागत नाही. लागला तेव्हा वाटलं, बिचाऱ्यांना निदान कागदावर तरी धडधाकट करावं. तुला सांगायची लाज वाटली. म्हटलं, मूळ किडे कपाटात आहेतच, कुणाला शंका आली तर बघतील.

गेले आठ दिवस डोळे मिटून एकेक आठवायचा प्रयत्न करते आहे. सतरा चित्रांबद्दल मी छातीठोकपणे सांगू शकते की त्यात माझं काही नाही. उरलेल्या सत्तेचाळिसांत काय दिसलं आणि काय मी घातलं, ते आता मला नाही सांगता येत. खरंच नाही आठवत. यादी जोडली आहे.

तुझी,
ताई

२१ सप्टेंबर

ति. ताईस,
सा. न.

यादी मिळाली. फाडून टाकली.

मला माहीत होतं. क्रमांक नऊच्या मिशा सरांच्या हातून तुटल्या होत्या, पावसात, तंबूत, मी कंदील धरून समोर होतो. त्या दिवशी सर जेवले नाहीत. तुझी चित्रं आली तेव्हा एकापाठोपाठ एक बघत गेलो आणि नवव्यावर थांबलो. पुढची सगळी बघितली, पण आता प्रत्येक ठिकाणी तेच शोधत होतो. चाळीस दिवस मी गप्प होतो त्याला हेही एक कारण. सरांना चित्रं दाखवली नाहीत तीही त्यामुळेच. डोळे गेलेत त्यांचे निम्मे, तरी पहिल्या पानावर पकडलं असतं.

तरीही मी प्रतिज्ञापत्र पाठवलं. तुला काही बोललो नाही. वाटलं, तूही बोलणार नाहीस.

ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. समितीत एकही माणूस त्या खोऱ्यात गेलेला नाही. तपासणार कोण आणि कशाशी? ते पाण्याखाली, हे भुकटी झालेलं. एका माशीचा पाय जरा इकडेतिकडे झाला म्हणून कुणाचं काय जाणार आहे? सर आता फक्त पातळ घेतात. परवा माझा हात धरून विचारत होते, माझं नाव नीट छापतील ना. मी हो म्हटलंय.

तू माझं एवढं नुकसान केलंस. हे मी कधी बोलणार नव्हतो, पण आज बोलतो. एवढं केलंस, आता एक सही कर.

दुसरं प्रतिज्ञापत्र जोडलंय.

किडोबा

२९ सप्टेंबर

प्रिय किडोबास,

तीनदा पेन उचललं. पोस्टमनचंच ते, अजून चालतं. एकदा तर सहीचं पहिलं अक्षरही काढलं, मग कागद खराब झाला म्हणून तुझा तो फॉर्म मी चुलीत घातला. रागावू नकोस.

टोपीची मुंगी काढते तेव्हा मी कुणाला फसवत नाही. चार वर्षांच्या पोरालाही माहीत असतं की मुंगी टोपी घालत नाही. पण हे पुस्तक तसं नाही. उद्या कुणीतरी, तुझ्यासारखाच कुणी हडकुळा, ते उघडेल आणि त्या खोऱ्यात वळलेल्या मिशांचा किडा होता असं मानेल. जन्मभर तो किडा शोधत हिंडेल. तो कधी नव्हताच, तो माझ्या खोलीत जन्मला. सरांच्या नावाखाली मी तो कसा छापू देऊ? त्यांच्या हातून मिशा तुटल्या तर ते जेवले नाहीत, हे तूच लिहिलंस ना?

माझंही सगळं यातच आहे रे. याशिवाय दाखवायला माझ्याकडे आता काही नाही. प्रकाशकाला परत फोन केला होता. त्यानं मुंग्या दुसरीला दिल्या. ते जाऊ दे.

तू म्हणतोस तेवढं नुकसान मी केलंय. तेही कमीच म्हणालास. म्हणूनच आणखी करत नाही. सतरा चित्रांचं छोटं पुस्तक निघतं का विचार. सरांना सांगायची हिंमत तुझ्यात नसेल तर मी येते. त्यांच्या खाटेपाशी बसून सांगते की हे माझ्या हातून झालं. ओरडू देत मला.

सही करत नाही.

तुझी,
ताई

१७ नोव्हेंबर
जावक क्रमांक ४१८

प्रति,
चित्रकार महोदया,

विषय : कीटकचित्रे परत करण्याबाबत.

महोदया,

आपण या कार्यालयाकडे पाठवलेली एकूण चौसष्ट (६४) जलरंगचित्रे सोबत परत करण्यात येत आहेत. आवश्यक प्रतिज्ञापत्र प्राप्त न झाल्याने समितीने नियोजित प्रकाशन रद्द केले आहे. सतरा चित्रांच्या स्वतंत्र पुस्तिकेचा आपला प्रस्ताव, पडताळणीसाठी मूळ नमुने उपलब्ध नसल्याने, समितीस स्वीकारता आला नाही. आपली दिनांक ४, १२ व २० ऑक्टोबरची पत्रे या कार्यालयास पोचली आहेत. चित्रे मिळाल्याची पोच द्यावी.

आपला,
संग्रहपाल, कीटकविभाग

(खाली, हातानं लिहिलेलं)

ताई, सर गेल्या मंगळवारी गेले. आदल्या रविवारी "पुस्तक?" म्हणाले. मी म्हटलं, छापायला गेलंय. "बरं झालं," म्हणाले. तुला बोलावलं नाही, कारण तू खरं सांगितलं असतंस.

सही केली नाहीस ते बरोबर केलंस. हे मला कळतं. मी तुझ्या जागी असतो तर केली असती, आणि सरांचा चेला म्हणून मिरवलो असतो, हेही कळतं. तुला माफ केलं असं लिहायला आज तिसऱ्यांदा कागद घेतला. लिहवत नाही. जमेल तेव्हा मीच लिहीन. तोवर तू लिहू नकोस.